घरची प्रार्थना बंद का पडते? ख्रिस्ती बापांनो, या चुका टाळा

पुण्यातल्या पुष्कळ मराठी ख्रिस्ती घरांत कौटुंबिक प्रार्थना नव्या वर्षाच्या उपासनेनंतर जोरात सुरू होते आणि झावळ्यांच्या रविवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारपर्यंत, गुपचूप बंद पडते. मग बापाची तक्रार सुरू होते की मुलांना देवाची गोडी उरली नाही. गोडीचं नंतर बघू. आधी प्रार्थनेची वेळ, तिची लांबी आणि तुमचा स्वतःचा सूर तपासा. बिघाड बहुतेक वेळा तिथेच असतो.

वेळ आणि लांबी

रात्री साडेनऊला सगळ्यांना हाका मारून गोळा करणं ही पहिली चूक. तोवर धाकटं पेंगायला लागलेलं असतं, मोठीचा अभ्यास नुकताच रंगात आलेला असतो. बोलावण्यातच पाच मिनिटं जातात आणि प्रार्थना सुरू होताना घरात कुणीतरी चिडलेलं असतंच. जेवणाआधीची वेळही फसते, कारण पोळ्या करणारी आई ओट्याशी अडकते आणि तिला सोडूनच 'कौटुंबिक' प्रार्थना उरकली जाते. जमणारी वेळ म्हणजे जेवण संपल्यावर, ताटं उचलायच्या आधी. सगळे तिथेच बसलेले असतात, कुणाला बोलवावं लागत नाही. ज्याची वाचायची पाळी असेल त्याने तेवढा हात धुऊन यावा.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असलेला बाप मध्यरात्रीच्या सुमारास घरी पोचतो. हिंजवडीत काम करणाऱ्याचा परदेशी कॉल नेमका जेवणाच्या वेळेला येतो. अशा आठवड्यात प्रार्थना थांबवू नका. आईने किंवा मोठ्या मुलाने ती चालवावी. पप्पा घरी नाहीत म्हणून प्रार्थना नाही, असं दोन-चारदा झालं की ती पप्पांची ड्युटी आहे हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं. पाळीवरच्या बापाने सकाळी शाळेची बस यायच्या आधी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून एका वाक्याची प्रार्थना केली तरी भागतं.

एकूण दहा-बारा मिनिटं पुरे. घरात सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर पाचच. एका गीताची दोन कडवी, आठ ते बारा वचनांचं वाचन, वाचलेल्या भागावर एक प्रश्न, मग प्रत्येकाची एक-दोन वाक्यांची प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना ('हे आमच्या स्वर्गातील पित्या'). कॅथलिक घरात लहान मुलांना घेऊन अख्खी रोझरी (जपमाळ) रोज म्हणायचा हट्ट धरण्यापेक्षा एकच भाग, म्हणजे दहा मणी, नीट म्हणा. आणि बापाने प्रवचन देऊ नये. ते रविवारी झालेलं असतं, आणि पाळकसाहेबांनी निदान त्याची तयारी केलेली असते.

उत्पत्तीपासून सुरुवात

'यंदा अख्खं बायबल वाचायचं' हा संकल्प एकट्या माणसासाठी चांगला, लहान मुलांच्या घरासाठी वाईट. हिशेब करून बघा. १ जानेवारीपासून रोज एक अध्याय धरला तर उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० संपवून १ एप्रिलला तुम्ही लेवीयात शिरता. समोर होमार्पणाचे विधी, शेजारी वार्षिक परीक्षेची पुस्तकं. इथे गाडी अडकणारच.

त्याऐवजी मार्कचं शुभवर्तमान घ्या. अध्याय १६ आहेत आणि गोष्ट पळती आहे. रोज दहा-बारा वचनं वाचलीत तर दोन महिन्यांत संपतो. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय महिन्याच्या तारखांना बरोबर बसतात, पण मुलांसाठी त्या दिवसाच्या अध्यायातलं एकच वचन निवडा. नाताळासाठी लूकचे २४ अध्याय १ ते २४ डिसेंबर वाचायची पद्धत छान आहे. तिच्यात एक खड्डा आहे: पहिलाच अध्याय ८० वचनांचा आहे. पहिल्या संध्याकाळी २६ ते ३८ एवढीच वचनं, म्हणजे मरीयेला दूताने दिलेला निरोप, वाचा आणि थांबा.

प्रश्न विचारताना 'यातून काय बोध मिळतो?' हे वाक्य विसरा. त्याला 'चांगलं वागावं' एवढंच उत्तर येतं आणि सगळे मोकळे होतात. लूक १५ मधली उधळ्या मुलाची गोष्ट वाचली की विचारा, 'मोठ्या भावाचं काय चुकलं? की नाहीच चुकलं?' दोन भावंडं असलेल्या घरात यावर दहा मिनिटं वाद होतो. होऊ द्या.

इंग्रजी माध्यमातली मुलं मराठी बायबल अडखळत वाचतात, आजी मागून उच्चार सुधारत राहते आणि मूल पुढच्या वेळी पाळी टाळतं. अशा घरात मुलाने दोनच वचनं मराठीत वाचावीत, तीही दुपारी एकदा बघून ठेवलेली. बाकीची मोठ्यांनी वाचावीत. सुधारणा वाचन संपल्यावर, एकच. मराठीची सवय गीतांतून जास्त सोपी लागते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) कितीतरी गीतं आपल्याच मातीतल्या चालींवर पेटी-तबल्याशिवाय म्हणता येतात; महिन्याला एक गीत धरलं तर वर्षाला बारा पाठ होतात.

मोबाईलवरचं बायबल शक्यतो नको. वाचतावाचता वर ऑफिसचा मेसेज चमकतो आणि सर्वांत आधी बापाची नजर हलते. दुसरा इलाज नसेल तर आधी एअरप्लेन मोड लावा.

डोळे मिटून दिलेला ओरडा

'हे प्रभू, रोहनला सद्बुद्धी दे, त्याचा मोबाईलचा नाद सुटू दे, गणितात त्याचं लक्ष लागू दे.' ही प्रार्थना नव्हे, तक्रार आहे. फरक एवढाच की डोळे मिटलेले असल्यामुळे मुलाला उलट बोलता येत नाही. घरच्या प्रार्थनेवरून मुलांचं मन उडायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि बापांच्या ते लक्षातही येत नाही. त्यांना आपण मनापासून प्रार्थना केली असंच वाटत असतं. सुरू करण्याआधी विचारा, 'तुझ्यासाठी काय मागू?' तो 'काही नाही' म्हणाला तर त्याच्याबद्दल फक्त आभार माना. मोबाईलचं जे बोलायचं असेल ते दुसऱ्या वेळी, डोळे उघडे ठेवून, थेट त्याच्याशी बोला.

वचनांचंही तसंच. 'आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख' ही आज्ञा (बहुतेक प्रॉटेस्टंटांची पाचवी, कॅथलिकांची चौथी) भांडणात फेकली जाते. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातली पहिली तीन वचनं बापांना तोंडपाठ असतात, आणि नेमकं चौथ्यावर वाचन थांबतं. ते बापांसाठी आहे: मुलांना चिडीस आणू नका. कलस्सैकरांस ३:२१ मध्ये कारणही दिलं आहे, नाहीतर ती खिन्न होतील. म्हणून घरात एक नियम ठेवा: रागात असताना बायबल उघडायचं नाही. मूल एरवी एवढंच शिकतं की पप्पा चिडले की पुस्तक बाहेर येतं.

नीतिसूत्रे १३:२४ मधली छडी काढून मारण्याचं समर्थन करणारे बाप अजून आहेत. स्तोत्र २३ मध्ये काठी मेंढराला धीर देते, हेही त्याच बायबलमध्ये लिहिलेलं आहे. मारू नका. हात उचलला जाईल असं वाटलं की 'मी वीस मिनिटांनी येतो' असं सांगून घराबाहेर पडा, सोसायटीला दोन फेऱ्या मारा. सांगून जाणं महत्त्वाचं. न बोलता दार आपटून गेलात तर तीही मुलासाठी शिक्षाच होते. आणि परत या. सूर्य मावळण्याआधी राग सोडा, असं इफिसकरांस ४:२६ सांगतं. फेरी लांबवून विषय टाळावा असं सांगत नाही.

आणखी एक सवय मोडायला हवी. मुलगा नापास झाला किंवा मुलीचं कुणाशी जुळल्याचं कळलं की मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'प्रार्थनाविनंती' जाते. हेतू बरा असला तरी रविवारी तेच मूल शंभर माणसांच्या नजरा झेलत बाकावर बसतं. चूक दाखवायची तर आधी दोघांत, एकांतात, असा क्रम मत्तय १८:१५ मध्ये भावासाठी सांगितला आहे. मुलाला निदान तेवढा मान मिळावा. मुलाला विचारल्याशिवाय त्याचं नाव ग्रुपवर घालू नका. तो नको म्हणाला तर पाळकसाहेबांना एकट्याला फोन करा.

माफी मागताना होणारा घोळ

बाप चुकतो तेव्हा तो बहुधा आइसक्रीम आणतो. मुलाला कळतं की काहीतरी मिटवलं जातंय, पण काय ते कुणी बोलत नाही. दुसरा प्रकार: 'मी ओरडलो खरा, पण तूही...' त्या 'पण'नंतर पुढचं काहीच ऐकलं जात नाही. माफी तीन वाक्यांची असते. काय केलं ते नाव घेऊन सांगा: 'काल तुझ्या मित्रांसमोर मी तुला मूर्ख म्हणालो.' मग 'ते चुकलं, मला माफ कर.' मग पुढे काय करणार ते. अपमान मित्रांसमोर झाला असेल तर माफीही त्यांच्यासमोरच मागावी लागते, जीभ कितीही जड झाली तरी. आणि 'केलंस ना माफ?' म्हणून लगेच पावती मागू नका. बायकोवर मुलांदेखत आवाज चढवला असेल तर हेच तिच्याशी, मुलांदेखत.

रविवार, पैसे, शेजार

रविवारी सकाळची भांडणं शनिवारी रात्री टळतात. इस्त्री, बूट, दानाचे सुटे पैसे, गाडीतलं पेट्रोल हे आदल्या दिवशी बघून ठेवा. आणि नाश्ता बापाने बनवावा, म्हणजे आई मटणाच्या तयारीत असताना सगळ्यांच्या नावाने ओरडत नाही. परतीच्या वाटेवर प्रवचनाची चिरफाड करू नका. मागच्या सीटवर बसलेली मुलं ते प्रवचनापेक्षा लक्ष देऊन ऐकतात.

दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, चर्चसाठी काढायचा की नाही, हे नवरा-बायकोने मिळून ठरवावं, पगार जमा झाल्या दिवशीच वेगळा काढावा. चर्चमधल्या हंगामाच्या सणाला दान आलेल्या पिकांच्या लिलावात भोपळ्यावर चढाओढीने बोली लावून मग शाळेची फी लांबवणं याला दान म्हणत नाहीत. देवाला वाहिलं असं सांगून आईबापांची जबाबदारी झटकणाऱ्यांना येशूने मार्क ७:९–१३ मध्ये चांगलंच सुनावलं आहे.

सोसायटीच्या गणपतीची वर्गणी आणि प्रसाद याबद्दल घराघरांत मतं वेगळी असतात. गोंधळ होतो तो बाप दरवर्षी दारात उभ्याउभ्या वेगळं उत्तर देतो म्हणून. उत्सवाच्या महिनाभर आधी घरात बसून ठरवा, आणि मुलाने मित्रांना काय सांगायचं ते वाक्यही ठरवा. शेजाऱ्यांच्या श्रद्धेची टिंगल घरात होऊ देऊ नका; मूल तीच खाली खेळताना बोलून दाखवतं.

'दहावीचं वर्ष आहे' म्हणून चर्च सोडवलेलं मूल बारावीनंतर आपोआप परत येत नाही. क्लासला शनिवारची बॅच मिळते का ते जूनमध्येच विचारा. तरुण संघ, गायनाचा सराव, सहली कमी करा; रविवारचा दीड तास ठेवा.

बंद पडलेली प्रार्थना पुन्हा सुरू करताना

१ जानेवारीची वाट पाहू नका, घोषणा करू नका, आतापर्यंत बंद का होती यावर चर्चा तर नकोच. एखाद्या साध्या मंगळवारी जेवणानंतर स्तोत्र ११७ वाचा. दोनच वचनं आहेत. मग प्रभूची प्रार्थना. तीन मिनिटांत उठा. आठवडाभर एवढंच, दुसऱ्या आठवड्यात एक गीत जोडा, तिसऱ्यात मार्क उघडा. आठवड्यातून पाच दिवस धरा, म्हणजे लग्न, पाहुणे, रात्रपाळी यांत दोन दिवस गेले तरी खाडा वाटत नाही. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा बसायलाच तयार नसेल तर जेवणाच्या जागेवर बसून राहायला सांगा. बोलायची, गायची, डोळे मिटायची सक्ती नको. वाचायची पाळी त्याच्यापर्यंत आली आणि तो गप्प राहिला, तर पुस्तक पुढच्याकडे सरकवा आणि वाचन चालू ठेवा.