पोरं पुण्याला पळतात म्हणून रडण्याआधी हे करून बघा

आमचं जळगाव एमआयडीसीत छोटंसं युनिट आहे, प्लास्टिक फिटिंगचं, चार मोल्डिंग मशीन आणि ऑफिस धरून 26 माणसं. म्हणजे मी जे सांगतोय ते मोठ्या कंपनीच्या एचआरवाल्यांसाठी नाहीच, दालमिल, चटई, पाइप, सराफी पेढी असलं काही चालवणाऱ्यांसाठी आहे, जिथे एचआर म्हणजे शेठ स्वतः नाहीतर शेठचा भाचा.

दोन वर्षांपूर्वी आमचा सहा वर्षं जुना ऑपरेटर पुण्याजवळ चाकणला गेला. मी म्हटलं पैशासाठी गेला असेल, जाऊ दे. दिवाळीला गावी आला तेव्हा चहाच्या टपरीवर भेटला, म्हणे शेठ चार हजार जास्त मिळतात पण खोलीभाडं आणि मेसमध्येच जातात, मी गेलो कारण कानबाईच्या (आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाच्या) सोमवारी तुम्ही माझा खाडा लावला. मला तर आठवतही नव्हतं! आणि त्याच्या जागी जो पोरगा घेतला त्याने पहिला महिनाभर इतका माल रिजेक्ट काढला की ग्राइंडर दिवसभर तेच दळत होता.

तर पहिलं काम, आपल्या आजोबांनी केलं ते करा. सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतावर ठेवलेल्या गड्याची, पद्धत आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल संपतं आणि नवं ठरतं. आमचे आजोबा अखाजीच्या महिनाभर आधीच सालदाराला ओट्यावर बसवायचे, पुढचं साल करशील का रे, काय अडचण आहे, पोरीचं लग्न कधी काढतो. कारण शेजारच्या मळेवाल्याने विचारायच्या आत आपण विचारलेलं बरं. आणि आपण काय करतो, तर राजीनाम्याचा व्हॉट्सॲप आला की मग केबिनमध्ये बोलावून दोन हजार वाढवून देतो. तोवर त्याचं मन तिकडे गेलेलं असतं हो.

हे बोलणं वर्षातून दोनदा करा, एकेकाशी वीस मिनिटं, केबिनमध्ये नाही आणि पगाराच्या दिवशी तर मुळीच नाही. मी तीनच गोष्टी विचारतो: रोज कशाने डोकं फिरतं, दुसरीकडून बोलावणं आलं तर काय बघून जावंसं वाटेल, आणि मी काय करणं बंद करू. तिसऱ्याचं उत्तर ऐकताना तोंड बंद ठेवायचं, हे सगळ्यात अवघड. लिहून घ्या, त्यातली एक तरी गोष्ट पंधरा दिवसांत करा, आणि जी जमणार नाही ती का जमणार नाही ते तोंडावर सांगा. पहिल्यांदा सगळे म्हणतील सगळं मस्त आहे शेठ. दुसऱ्या वेळी खरं बाहेर पडतं. आमच्याकडे बाहेर पडलं ते असं की बायकांच्या संडासाची कडी महिनाभर तुटलेली होती, आणि सुपरवायझर सगळ्यांसमोर आईवरून बोलतो. कडी शंभर रुपयात झाली, सुपरवायझरला जास्त वेळ लागला.

पगाराची तारीख. महिना संपल्यावर सात तारखेच्या आत पगार हा कायदाच आहे, पण पार्टीचं पेमेंट अडकलं की आपण बारा-पंधरा करतो ना? पोरांच्या गाडीचा हप्ता पाच तारखेला कापला जातो, तो बाउन्स झाला की बँक दंड लावते आणि शिव्या आपल्याला. आम्ही पाच तारीख धरली, पैसे कमी पडले तर मी माझी रक्कम उशिरा काढतो. पगारवाढ न करता एवढ्यानेच अर्धी कुरकुर गेली, आणि सारखी उचल मागणंही कमी झालं.

सुट्ट्यांचं तर इथे वेगळंच आहे. कानबाई श्रावणात रविवारी बसते आणि सोमवारी विसर्जन, सुरत-पुण्याहून लोक रोटांच्या प्रसादासाठी घरी येतात आणि आपण शेजारच्या गावातल्या माणसाला म्हणतो सोमवारी ये. तो येणार नाहीच, फक्त खोटं आजारपण सांगेल. त्यापेक्षा कानबाईचा सोमवार, अखाजी, पोळा, ईद हे जानेवारीतच बोर्डावर लावा आणि कोण कोणाच्या बदल्यात येणार ते त्यांनाच ठरवू द्या. अखाजीला बायका माहेरी जाणार, तिथे वाद घालू नका.

आता उन्हाळा. मे महिन्यात बाहेर 45 डिग्री, पत्र्याच्या शेडमध्ये मशीनची गरमी वेगळी, आणि कूलर फक्त केबिनमध्ये! दुपारी माल जास्त खराब व्हायचा, मी म्हणायचो लक्ष नाही यांचं. लोडिंग सकाळी साडेसहा ते अकरा आणि मग साडेचारनंतर केलं, दोन एक्झॉस्ट बसवले, माठाऐवजी थंड पाण्याचं मशीन ठेवलं. तास कमी झाले, माल कमी नाही झाला. प्रॉडक्टिव्हिटीवर सेमिनार ऐकायच्या आधी शेडमध्ये दुपारी दोन वाजता अर्धा तास उभं राहून बघा, कळतं.

पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा दवाखान्याचा सरकारी विमा) याबद्दल पोरांना वाटतं शेठ पैसे कापतो. पगार 15,000 असेल तर ईएसआयचे त्याचे 112 रुपये 50 पैसे आणि तुमचे 487 रुपये 50 पैसे जातात, हे स्लिपवर दाखवा ना. ग्रॅच्युइटीचं (पाच वर्षं टिकलेल्या कायम माणसाला नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचं) पण तसंच, बेसिक 15,000 धरलं तर दर वर्षामागे त्याच्या 15 भागिले 26 च्या हिशोबाने पाच वर्षांचे 43 हजारांच्या वर होतात. दरवर्षी कागदावर लिहून दिलं तर चौथ्या वर्षी माणूस दोनदा विचार करतो.

जुन्या ऑपरेटरच्या डोक्यातली मशीनची सेटिंगं त्याच्याकडूनच कार्डावर लिहून घ्या, खाली त्याचं नाव टाका. त्याला मान वाटतो आणि नवा पोरगा लवकर शिकतो. रात्री साडेनऊनंतर ग्रुपवर मेसेज टाकायची माझी सवय होती, ती बायकोनेच सोडवली, ते जाऊ दे.

तरी कोणी जाईलच. हिशोब लगेच करून टाका, अनुभवाच्या पत्रासाठी चकरा मारायला लावू नका. आमच्याकडून गेलेल्यांपैकी दोघं परत आलेत, त्यातला एक येताना मेव्हण्याला पण घेऊन आला, तो आता तीन नंबरच्या मशीनवर आहे.