अजिंक्यतारा रोज चढणाऱ्यांनी एव्हरेस्ट बेसकॅम्पची तयारी कशी करावी

जगातील अत्यंत धोकादायक ठिकाणांत हिमालयातील आठ हजार मीटरांवरील शिखरांची गणना होते. त्यांपैकी अतिशय जीवघेण्या मानल्या जाणाऱ्या अन्नपूर्णेवर २०२१ मध्ये पोहोचलेली पहिली भारतीय महिला, प्रियांका मोहिते, आपल्या साताऱ्याची आहे, याचा अभिमान वाटतोच. मात्र तिच्या वाटेने निदान एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळापर्यंत, म्हणजे बेसकॅम्पपर्यंत, जाऊ इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट आधी नीट समजून घ्यावी.

रोज पहाटे अजिंक्यतारा चढल्याने पाय आणि दम तयार होतात, पण विरळ हवेचा सराव होत नाही. तो साताऱ्यात होणारही नाही, कारण महाबळेश्वरसुद्धा जेमतेम १,४०० मीटरांवर आहे, तर बेसकॅम्प ५,३६४ मीटरांवर असून तेथे प्रत्येक श्वासातून समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळपास निम्माच प्राणवायू मिळतो. उलट, दमदार माणूस भराभर वर जातो आणि म्हणूनच लवकर अडचणीत येतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यामुळे तीन हजार मीटरांच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, आणि वाटेवरील नामचे (३,४४० मीटर) व डिंगबोचे या गावांत प्रत्येकी दोन रात्री काढाव्यात. मधल्या दिवशी थोडे वर चढून झोपायला खाली यावे. विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठीचे डायमॉक्स हे औषध घ्यायचे असल्यास निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा थकवा जाणवला, तर बरे वाटेपर्यंत वर जाऊ नये. शंका आल्यास लॉजच्या सपाट अंगणात त्या व्यक्तीला एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालायला सांगावे. तोल जात असेल, बोलणे असंबद्ध होत असेल, किंवा स्वस्थ बसूनही धाप लागत असेल, तर मेंदूला सूज आल्याची अथवा फुप्फुसांत पाणी झाल्याची शक्यता धरावी आणि सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी, त्या व्यक्तीला ताबडतोब खाली उतरवावे. प्राणवायूचे नळकांडे वा औषध मिळाले म्हणून उतरणे लांबवू नये.

विमा काढताना त्यात हेलिकॉप्टरचा खर्च आणि बेसकॅम्पची उंची दोन्ही बसतात का, हे वाचून पाहावे. आजारी पडलेल्याबरोबर कोण परत फिरणार, हेही साताऱ्यातून निघण्यापूर्वीच नावानिशी ठरवावे.