पोराला फुटबॉल अकॅडमीत घालायच्या आधी एक तास मैदानाबाहेर उभं राहून बघा

इथे बडोद्यात मी सकाळी पोरांना फुटबॉल शिकवतो, आणि दांडिया बाजार, रावपुऱ्याकडचे ओळखीचे आई-बाबा कुठल्या अकॅडमीत घालू विचारतात तेव्हा पुढचा प्रश्न ठरलेला, त्यांनी किती कप जिंकलेत? अहो, बारा वर्षांखालच्या पोरांचे कप बघूच नका. फक्त एक बघा, तासाभरात प्रत्येक पोराचा पाय बॉलला किती वेळा लागतो. पंधरा पोरं लाईनीत उभी, एक शूट मारतंय, बाकीचे चिखल उकरतायत असं दिसलं की सरळ घरी या.

चांगल्या ठिकाणी लहानांना छोटं मैदान, पाच-पाच जणांची मॅच आणि तीन किंवा चार नंबरचा बॉल देतात, मोठ्यांचा पाच नंबरचा साधारण तेराव्या वर्षापासून. आपल्या एआयएफएफने, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने, लहान पोरांसाठी सुरू केलेल्या गोल्डन बेबी लीगमध्ये पण लहान टीमच असायच्या. मग रोंडो, म्हणजे रिंगण करून चार-पाच जण पास देतायत आणि मधले एक-दोन जण बॉल हिसकवायला बघतायत, बार्सिलोना क्लबच्या ला मासिया अकॅडमीत हेच रोज चालतं. त्यात पोराचे पाय नका बघू, मान बघा. पास यायच्या आधी ज्याने खांद्यावरून मागे एक नजर टाकली त्याला बॉल आल्यावर कुठे वळायचं ते आधीच माहीत असतं. हे शिकवायला महिने लागतात, ओरडून येत नाही.

बारा ते सोळा हा सगळ्यात नाजूक काळ. माझ्याकडे एक पोरगा दिवाळीच्या सुट्टीत एवढा उंच झाला की परत आला तर स्वतःच्याच पायात अडखळायला लागला, गुडघ्याच्या वाटीखाली दुखायचं, आणि बाबा म्हणायचे आळशी झालाय. आळस नव्हता हो, हाडं भराभर वाढतात आणि स्नायू मागे पडतात म्हणून ते दुखणं. अशा वेळी पळणं-उड्या कमी करायच्या, डॉक्टरला दाखवायचं, टीममधून काढायचं नाही. तसंच वयाचे गट बहुतेक १ जानेवारीपासून धरतात, म्हणजे डिसेंबरचं पोर जानेवारीच्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षाने लहान, आणि कोच धिप्पाड पोरं बघून निवडतो. म्हणून इंग्लंडमधले क्लब अधूनमधून वयाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट पाडून खेळवतात, त्याला बायो-बँडिंग म्हणतात. तुमचं पोर बारीक असेल तर कोचला हे नक्की विचारा.

सोळानंतर जिम, टॅक्टिक्स, मोठ्यांबरोबर मॅचेस, ते क्लब बघून घेतो. फक्त रजिस्ट्रेशन जन्मदाखल्याप्रमाणेच करा, वय चोरून खेळवलेलं पोर पुढे अडकतं.

आणि बूट, 'पुढच्या वर्षी पण होतील' म्हणून मोठे घेऊ नका, आत पाय सरकला की बॉलचा टचच कळत नाही.