विक्रीकडून वर्गणीकडे वळताना रोखीचा हिशेब आधी मांडा

बिझनेस मॉडेल कॅनव्हास म्हणजे उद्योग कसा चालतो आणि पैसा कसा मिळवतो हे एका पानावर मांडणारा तक्ता. त्याच्या नऊ चौकटी तुमच्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी भरलेल्या असतील, म्हणून त्यांची वेगवेगळी ओळख करून देत नाही. त्यांतली एकच चौकट बदलली आणि बाकीच्या तशाच राहू दिल्या, तर काय होते एवढेच मला सांगायचे आहे. आमचा उद्योग त्यापायी बंद पडण्याच्या बेतात आला होता आणि ते महिने आठवले की आजही माझी झोप उडते.

आम्ही लहान कारखान्यांना यंत्रांवर लक्ष ठेवणारे उपकरण विकत होतो. एकरकमी किंमत ऐकून ग्राहक मागे सरत, म्हणून आम्ही उपकरण स्वखर्चाने बसवून दरमहा वर्गणी घ्यायचे ठरवले. मागणी लगेच वाढली आणि योग्य मॉडेल सापडल्याची आमची खात्री झाली. उत्पन्नाची पद्धत बदलली होती, परंतु पुरवठादाराला तीस दिवसांत पैसे देण्याचा करार, विक्रेत्यांना पहिल्याच दिवशी मिळणारे कमिशन आणि हाताशी असलेले खेळते भांडवल हे सर्व जुन्या विक्रीच्या मापाचेच राहिले होते.

हा हिशेब सावकाश वाचा, कारण मी तो फार उशिरा मांडला. समजा, एक ग्राहक जोडण्यासाठी उपकरणासह १२ एकके खर्च होतात आणि सेवेचा खर्च वजा जाता त्याच्याकडून दरमहा १ एकक हाती उरते. दर महिन्याला १० ग्राहक जोडले, तर दरमहा १२० एकके बाहेर जातात, आणि आत येतात पहिल्या महिन्यात १०, दुसऱ्यात २०, तिसऱ्यात ३०. येणे आणि देणे यांची बरोबरी बाराव्या महिन्यात होते, पण तोवर एकूण खड्डा ६६० एककांचा झालेला असतो, आणि एकही ग्राहक सोडून गेला नाही तरी तो भरून निघायला तेविसावा महिना उजाडतो. विक्री दुप्पट केली तर खड्डाही दुप्पट होतो. नफा-तोटा पत्रकात हे स्पष्ट दिसत नाही, कारण उपकरणाचा खर्च तेथे घसाऱ्याच्या रूपाने काही वर्षांत विभागला जातो. पुरवठादाराला मात्र पूर्ण रक्कम आजच द्यावी लागते.

त्यात ग्राहकांची गळती मिसळली की चित्र आणखी बिघडते. दरमहा १० टक्के ग्राहक सोडून जात असतील, तर ग्राहक सरासरी १० महिने टिकतो, म्हणजे वरच्या उदाहरणात प्रत्येक नवा ग्राहक तोटाच आणतो. अशा वेळी जाहिरात वाढवू नका. आम्ही ती वाढवली होती.

वर्गणी किंवा भाडे हे मॉडेल चुकीचे आहे, असे मला म्हणायचे नाही. झेरॉक्सचे ९१४ हे कागदांच्या प्रती काढणारे यंत्र १९५९ मध्ये आले ते महिना ९५ डॉलर भाड्यावर, आणि पहिल्या २,००० प्रती त्या भाड्यातच धरलेल्या होत्या. ग्राहकाला न परवडणारे यंत्र त्यामुळे त्याच्या कार्यालयात पोहोचले. मात्र भाड्याने दिलेल्या प्रत्येक यंत्रात पैसा अडकतो तो देणाऱ्याचा, आणि तो कोठून येणार याचे उत्तर पहिला करार करण्याआधी तयार असावे लागते. मॉडेल बदलावे लागले म्हणून खचूनही जाऊ नका. नेटफ्लिक्सने १९९८ मध्ये डीव्हीडी सुट्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, १९९९ मध्ये मासिक वर्गणी आणली आणि २००७ मध्ये स्ट्रीमिंग. पहिला आराखडा बदलणे ही या कामातली नित्याची गोष्ट आहे.

मार्गदर्शकांविषयी माझे मत थोडे कडक आहे. आम्हाला भेटलेल्या अनेकांनी सादरीकरण पाहिले, बाजारपेठ केवढी आहे हे विचारले आणि वाढीचा वेग आणखी वाढवायला सांगितले. एका निवृत्त लेखापालांनी मात्र बँकेचे खातेउतारे मागवले आणि अर्ध्या तासात खड्ड्यावर बोट ठेवले. ज्याने कधी स्वतःच्या जबाबदारीवर पगार वाटलेले नाहीत, त्याच्याकडून वाढीचा सल्ला घेऊ नये, असे मला तेव्हापासून वाटते. स्पर्धकाचे दरपत्रक उतरवून घेण्याची पळवाटही टाळा, कारण त्याचे भांडवल आणि त्याच्या पुरवठादाराच्या अटी त्या दरपत्रकावर लिहिलेल्या नसतात.

आम्ही सावरलो ते तीन बदलांमुळे: बसवणीसाठी वेगळे शुल्क, वार्षिक वर्गणी आगाऊ भरणाऱ्यास सवलत, आणि विक्रेत्याचे कमिशन ग्राहकाच्या वर्गणीबरोबर टप्प्याटप्प्याने. काही ग्राहक गमावले, तेही मोठे. नव्या अटी जुन्या ग्राहकांना लगेच लावता येत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवा. त्यांचे करार संपेपर्यंत दोन मॉडेले शेजारी शेजारी चालतात, म्हणून ज्या महिन्यात ग्राहक जोडला त्या महिन्यानुसार गट करून प्रत्येक गटाची रोख वेगळी मांडा. आमचे नवे गट चौथ्या महिन्यापासून सुधारत होते, तरी एकत्रित बेरजेत जुन्या गटांच्या तोट्याखाली ते आम्हाला नवव्या महिन्यापर्यंत दिसलेच नाही, आणि मधल्या काळात आम्ही नव्या अटी मागे घेण्याचे पत्रही लिहून ठेवले होते.