ठाण्याच्या नजरेने लेहचं हवामान वाचू नका: मे-जूनच्या सहलीआधी या चुका टाळा

मोबाइलवर 'लेह' टाकलं. कमाल २० अंश, किमान ६, पावसाची शक्यता शून्य. मे महिन्यात घोडबंदर रोडच्या उकाड्यात बसून हे आकडे वाचले की बॅगेतलं जाड जॅकेट बाहेर निघतं आणि रोजच्या कार्यक्रमात दोन ठिकाणं वाढतात. आकडे खोटे नसतात. ते लेह शहराचे, सुमारे ३,५०० मीटर उंचीवरचे असतात. कमाल आकडा भर दुपारचा आणि किमान पहाटेचा. सहलीतला निम्मा वेळ तुम्ही त्या उंचीवर नसता, आणि थंडी सोसायची वेळ येते ती भर दुपारी नव्हे.

ठाणे-नवी मुंबईत हवामान म्हणजे मुळात एकच प्रश्न असतो: पाऊस किती पडणार? कोपरीचं तापमान आणि कासारवडवलीचं तापमान यांत फारसा फरक नसतो, म्हणून एका आकड्यावर अख्खं शहर भागतं. लडाख आणि हिमाचलमधल्या लाहौल-स्पितीत प्रश्न तीन असतात: किती उंचीवर, डोंगराच्या कुठल्या बाजूला आणि किती वाजता? अंदाज वाचताना होणाऱ्या बहुतेक चुका या तिन्हीपैकी एक प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

एका गावाचा अंदाज अख्ख्या सहलीला लावणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. हवा वर जाते तशी थंड होते, सरासरीने दर १,००० मीटरला साडेसहा अंश. नेरळहून माथेरानला चढलं की जो गारवा लागतो तो जेमतेम ८०० मीटरच्या चढाचा असतो. लेहहून खार्दुंग ला चढताना तुम्ही साधारण १,८५० मीटर वर जाता (या खिंडीची खरी उंची ५,३५९ मीटर आहे, जुन्या पाट्यांवरचा १८,३८० फुटांचा आकडा चुकीचा आहे). म्हणजे लेहला दुपारी २० अंश असतील तर वर ८ च्या आसपास. तेही सरासरीचं गणित. हवा अगदी कोरडी असली, भर दुपारी तापलेली असली, तर हा दर ९ अंशांच्याही पुढे जातो आणि वर ३-४ अंशच उरतात. कपडे या खालच्या आकड्याप्रमाणे घ्या.

आता त्यात वारा धरा. ० अंश तापमानात ताशी ४० किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ते उणे ७ अंशांसारखं लागतं. बुलेटवरून ताशी ४० ने जाणाऱ्याला हा वारा गाडीच पुरवते, बाहेर पान हलत नसलं तरी. मोटरसायकलवाल्यांच्या बोटांचे हाल होतात ते यामुळे. पावसाळ्यात घालतो ते रेक्झिनचे हातमोजे तिथे कुचकामी ठरतात. आत उबदार अस्तर आणि बाहेर वारा अडवणारा थर, असे दोन थरांचे हातमोजे लागतात.

काम सोपं आहे. कागदावर प्रत्येक मुक्कामाची आणि प्रत्येक खिंडीची उंची लिहा. पँगाँग सरोवर ४,२५० मीटरच्या आसपास, त्सो मोरीरी सरोवर साधारण ४,५०० मीटर, मनाली-लेह रस्त्यावरचं सरचू ४,३०० च्या जवळ. लेहचं किमान ६ असेल तर पँगाँगला पहाटे १ आणि त्सो मोरीरीला शून्याखाली, हा पहिला अंदाज. उघड्या पठारावर रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन झपाट्याने थंड होते आणि पारा याच्याही खाली उतरतो. उलट नुब्रा खोऱ्यातलं हुंदर लेहहून खाली आहे, तिथे दोन-तीन अंश जास्तच मिळतात. म्हणून एकाच सहलीत एका रात्री पातळ चादर पुरते आणि दुसऱ्या रात्री दोन रजयाही कमी पडतात.

ॲपमध्ये आणखी एक गोम आहे. संगणकाचं मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली आणि २०२५ मध्ये हवामान खात्याने वापरात आणलेली भारत फोरकास्ट सिस्टीम ६ किलोमीटरच्या चौकोनावर चालते. जागतिक मॉडेलं साधारण ९ ते १३ किलोमीटरच्या चौकोनांवर. स्पितीत ६ किलोमीटरमध्ये नदी, गाव आणि हजार-दीड हजार मीटर उंच कडा सगळं मावतं. मॉडेल त्याची सरासरी उंची धरतं. ॲप ठिकाणाची उंची दाखवत असेल तर ती गावाच्या खऱ्या उंचीशी ताडून पाहा. तफावत ५०० मीटर निघाली तर तापमानात तीन अंशांचा फरक धरा: गाव ॲपच्या उंचीहून वर असेल तर वजा, खाली असेल तर अधिक.

'पाऊस नाही' म्हणजे रस्ता उघडा, असं समजणं

लेहला वर्षभरात मिळून सुमारे १०० मिलिमीटर पाऊस आणि बर्फ पडतो. ठाण्यात जुलैतल्या एका जोरदार दिवशी तेवढा पडून जातो. त्यामुळे अंदाजात '८ मिलिमीटर' दिसलं की ठाणेकराची भुवईही हलत नाही. पण १ मिलिमीटर पाण्याचा ताजा बर्फ ढोबळ मानाने १ सेंटिमीटर जाड होतो. ८ मिलिमीटर म्हणजे खिंडीत आठ सेंटिमीटर बर्फ, वाऱ्याने वळणावर साठला की गुडघाभर. गाड्या अडकायला एवढं भरपूर झालं.

मे-जूनमधला हा बर्फ आणणारा पाहुणा म्हणजे पश्चिमी विक्षोभ, मराठी बातम्यांत ज्याला पश्चिमी झंझावातही म्हणतात. भूमध्य समुद्राकडून येणारी ही प्रणाली हिवाळ्यात वरचेवर येते, उन्हाळ्यात विरळ होते, पण थांबत नाही. हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये 'पश्चिम हिमालयीन भागावर पश्चिमी विक्षोभ' हे शब्द दिसले की ॲपमधला टक्का कितीही कमी असो, त्या दोन-तीन दिवसांत ४,५०० मीटरच्या वरची खिंड ओलांडायचा बेत ठेवू नका. बारालाचा ला (सुमारे ४,८९० मीटर), कुंझुम (सुमारे ४,५५० मीटर), तांगलांग ला (सुमारे ५,३३० मीटर) या सगळ्या त्यात आल्या. विक्षोभ पुढे सरकल्यावर आकाश स्वच्छ होतं, रस्ता मात्र लगेच होत नाही. बर्फ काढायला आणखी एक-दोन दिवस धरा.

टक्क्यांच्या भाषेलाही फसू नका. 'सरासरीपेक्षा ६० टक्के जास्त' हे शब्द कोकणात धडकी भरवतात. जिथे मे महिन्याची सरासरीच दहा मिलिमीटरच्या आतबाहेर असते, तिथे एका संध्याकाळच्या सरीने हा आकडा गाठला जातो. तिथे टक्के सोडा, मिलिमीटर आणि तारखा वाचा.

एका केंद्राची नोंद खोऱ्याबद्दल किती कमी सांगते, याचं जड उदाहरण ऑगस्ट २०१० चं आहे. ५ ऑगस्टच्या रात्री लेहजवळ ढगफुटी होऊन दोनशेहून जास्त माणसं गेली. लेहच्या हवामान केंद्रावर नोंद होती १२.८ मिलिमीटरची. हा धोका मुख्यतः जुलै-ऑगस्टचा, मे-जूनमध्ये कमी. तरीही कोरड्या नाल्याच्या पात्रात, त्याच्या तोंडाशी तंबू ठोकायचा नाही, हा नियम बारा महिने पाळा. उघड्या डोंगरावर पाणी धरून ठेवायला झाड नाही, गवत नाही. वर पडलं की दगडमातीसकट खाली येतं.

दिवस पाहणं आणि तास न पाहणं

पूर्ण दिवसाचं एकच चित्र, पिवळाधमक सूर्य, पाहून निघणं ही चूक अनुभवी ट्रेकरही करतात. निरभ्र दिवशी तिथलं वेळापत्रक ठरलेलं असतं. सकाळी शांत. उन्हाने उतार तापले की दुपारपासून दरीतून वर जोराचा वारा, धूळ, खिंडींवर ढग. संध्याकाळी उशिरा पुन्हा शांत. लेहची विमानं बहुतेक सकाळीच का असतात, याचं एक कारण हा दुपारचा वारा. दुसरं कारण विरळ हवा: तापली की ती आणखी विरळ होते आणि विमानाची उचल कमी पडते. २०२४ च्या जुलैअखेरीस वाढलेल्या तापमानामुळे लेहची विमानं रद्द करावी लागली होती.

नाल्यांचं घड्याळ वेगळं. मनालीकडून स्पितीला जाणाऱ्या ग्राम्फू ते बातल रस्त्यावर पाणी थेट रस्त्यावरून वाहतं. ते पावसाचं नसतं, वर वितळणाऱ्या बर्फाचं असतं. रात्री गोठतं, सकाळी सर्वांत कमी असतं, दुपारनंतर फुगत जाऊन संध्याकाळी सर्वांत जास्त होतं. म्हणून कडक ऊन असलेला दिवस नाल्यांसाठी वाईट दिवस. 'उद्या लख्ख ऊन' वाचून आरामात अकराला निघणाऱ्याची गाडी तीन वाजता पाण्याच्या मधोमध बंद पडते. असे नाले सकाळी नऊच्या आत पार करा.

पण हाच नियम डोळे मिटून खिंडीला लावला की उलटी चूक होते. आदल्या दिवशी बर्फ पडला असेल, किंवा दिवसा वितळलेलं पाणी रस्त्यावरून वाहिलं असेल, तर पहाटे त्याचा काचेसारखा पातळ थर बसतो. ड्रायव्हर त्याला ब्लॅक आइस म्हणतात. तो दिसत नाही, त्यावर ब्रेक लागत नाही. अशा सकाळी खिंडीच्या माथ्यावर नऊ-दहाच्या आत पोहोचू नका, ऊन रस्त्यावर पडू द्या. एकाच दिवशी नाले आणि खिंड दोन्ही असतील तर? कुठलं आधी लागतं ते पाहा. ग्राम्फूकडून कुंझुमकडे जाताना नाले आधी आणि खिंड शेवटी, म्हणून पहाटे निघणं जमून जातं. स्पितीतल्या काझाकडून येताना खिंड आधी आणि नाले दुपारी, म्हणून ही दिशा अवघड. फुगलेला नाला दिसला तर बातलला मुक्काम करायची तयारी ठेवूनच निघा.

मनालीचा किंवा मुंबईचा पाऊस पलीकडच्या भागाला लावणं

मनालीला पाऊस म्हणजे लाहौलमधल्या केलाँगलाही पाऊस, हे गृहीत धरू नका. मध्ये पीर पंजालची डोंगररांग आहे. नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यात दक्षिणेकडून वायपर चालू ठेवून शिरावं आणि उत्तरेला कोरड्या रस्त्यावर बाहेर पडावं, असं होतं. दोन्ही बाजूंचे अंदाज वेगळे पाहा. तसंच मान्सूनचं. मुंबईत तो येण्याची सरासरी तारीख ११ जून; २०२५ मध्ये २६ मे रोजीच आला. त्याचा लेहच्या जूनशी संबंध जोडू नका, परतीच्या विमानाशी आणि घरी पोहोचण्याशी मात्र जरूर जोडा.

मोसमी अंदाजाकडून नको ते मागणं

हवामान खातं उन्हाळ्याचा अंदाज मार्चअखेरीस देतं, एप्रिल ते जून या तीन महिन्यांचा. नकाशावर लाल रंग म्हणजे तीन महिन्यांची सरासरी नेहमीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता. त्यातून १८ मे रोजी लेह-पँगाँग रस्त्यावरच्या चांग ला खिंडीत बर्फ पडेल का, हे निघत नाही. मग तो कशासाठी वाचायचा? हिवाळ्यात बर्फ कमी आणि उन्हाळा गरम असेल तर खिंडी लवकर उघडतात, नाले लवकर फुगतात आणि गावांत पाण्याची टंचाई लवकर लागते. लडाखची शेती वितळपाण्यावर चालते. मे महिन्यात जवाच्या पेरणीला पाणी हवं असतं आणि त्याच वेळी वरचा बर्फ पुरेसा वितळलेला नसतो; हिमस्तूप, म्हणजे हिवाळ्यात पाणी गोठवून उभारलेले बर्फाचे शंकू, बांधले जातात ते नेमकी ही फट भरायला. अशा वर्षी हॉटेलात बादलीभर पाण्यात अंघोळ उरका, हेही हवामान वाचण्यातच येतं.

तिकीट काढताना मोसमी अंदाज. निघण्याआधी दोन आठवडे, दर गुरुवारी येणारा विस्तारित अंदाज. पाच दिवस आधीपासून रोजचं बुलेटिन. ॲपमधला दहाव्या दिवसानंतरचा तासवार अंदाज पाहून काहीच ठरवू नका.

छोटे आकडे, मोठे गैरसमज

ॲपवर लेहचा हवेचा दाब १,०१० च्या आसपास दिसतो, वाशीइतकाच. तो समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. खरा दाब ६६० हेक्टोपास्कलच्या जवळपास, म्हणजे श्वासागणिक प्राणवायू घरच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. विमानाने गेलात तर पहिले ४८ तास लेहमध्येच थांबा, आकाश कितीही निळं असलं तरी. तिथे घाम जागच्या जागी सुकतो, तहान कळत नाही. घड्याळ लावून पाणी प्या. अतिनील किरणं दर १,००० मीटरला सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. १५ अंशांच्या गार हवेत गाल भाजतात ते यामुळे. गॉगल बर्फावर काढायचा नाही.

रस्त्यात अंदाज मिळेल असं धरणं

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. गटात निदान दोघांकडे, वेगवेगळ्या कंपन्यांचं पोस्टपेड असू द्या. खिंडीच्या दोन्ही बाजूंचे अंदाज आदल्या रात्री स्क्रीनशॉट काढून ठेवा. रस्त्याची स्थिती हवामानाच्या ॲपमध्ये शोधू नका. ती सीमा सडक संघटनेकडे असते: लडाखमध्ये हिमांक प्रकल्प, हिमाचलच्या बाजूने सरचूपर्यंत दीपक प्रकल्प. लाहौल-स्पिती पोलीस रोज कुठला रस्ता कोणत्या गाड्यांसाठी खुला आहे ते समाजमाध्यमांवर टाकतात. त्यात 'फक्त फोर बाय फोर' लिहिलं असेल तर तुमची भाड्याची सात सीटर त्यात बसत नाही.

दहा दिवसांच्या सहलीत दोन दिवस मोकळे सोडा. एक मधे, मोठ्या खिंडीच्या आधी. दुसरा शेवटी, लेहमध्ये. परतीचं विमान सकाळचं असतं, त्यामुळे आदली रात्र पँगाँगला काढून पहाटे चांग ला ओलांडून विमानतळ गाठायचा बेत टूरवाल्याने दिला, तर तो तिथेच बदलून घ्या.