दिवाणखान्याची रचना: आधी मोजमाप, मग बैठक, रंग सर्वांत शेवटी

दिवाणखाना नव्याने सजवायचा म्हटले की बहुतेक जण भिंतीच्या रंगापासून किंवा दुकानात मनात भरलेल्या एखाद्या सोफ्यापासून सुरुवात करतात. व्यावसायिक इंटिरियर डिझायनर नेमका उलट क्रम पाळतात. खोलीत कोण आणि काय करणार हे ते आधी विचारतात, मग खोली मोजतात, त्यानंतर बसण्याच्या आणि वावरण्याच्या जागा ठरवतात, मग प्रकाशाचा विचार करतात आणि रंग, कापड व शोभेच्या वस्तू यांच्याकडे सर्वांत शेवटी वळतात. या कामातली खरी शिस्त या क्रमातच आहे आणि थोडा धीर धरला तर ती कोणालाही जमण्यासारखी आहे.

पहिले काम कागद-पेन्सिलीचे. रोज किती माणसे एकत्र बसतात, पाहुणे आल्यावर ती संख्या कुठवर जाते, खोलीत मुख्यतः टीव्ही पाहिला जातो की वाचन, गप्पा आणि मुलांचा अभ्यासही तिथेच चालतो, दुपारी कोणी सोफ्यावर आडवे होते का, हे सारे लिहून काढावे. घरात गुडघेदुखीचा त्रास असलेले ज्येष्ठ असतील, तर बसण्याची उंची सुमारे 45 सेंटिमीटर आणि हातांना आधार देणारी एक तरी खुर्ची हवी. खोल आणि मऊ सोफ्यातून उठणे त्यांना कठीण जाते. याच कागदावर आणखी एक नोंद करावी, जी सहसा कोणी करत नाही: आज खोलीत कोणकोणत्या वस्तू उघड्यावर पडून राहतात? चार्जर, वर्तमानपत्रे, औषधे, खेळणी, हेल्मेट यांना बंद जागा दिल्याशिवाय कितीही सुंदर खोली आठवडाभरात अस्ताव्यस्त दिसू लागते, म्हणून कपाटाचे आणि खणांचे माप या यादीवरून ठरवावे.

मोजमाप घेताना केवळ लांबी-रुंदी पुरत नाही. दार कोणत्या बाजूला उघडते आणि उघडल्यावर किती जागा व्यापते, खिडकीची चौकट जमिनीपासून किती उंचीवर सुरू होते, तुळई कुठे खाली आली आहे, सॉकेट आणि स्विचबोर्ड नेमके कुठे आहेत, एसीची किंवा पाण्याची नळी कुठून जाते, हे सर्व टिपावे. दोन्ही कर्णही मोजावेत. आयताकृती वाटणारी खोली पुष्कळदा किंचित तिरकी असते आणि भिंतीला चिकटून करायच्या फर्निचरला हा फरक नंतर नडतो. या मापांवरून 1:50 प्रमाणाचा आराखडा काढावा, म्हणजे प्रत्यक्षातील 1 मीटर कागदावर 2 सेंटिमीटर होतो. त्याच प्रमाणात सोफा, खुर्च्या आणि टेबल यांचे पुठ्ठ्याचे तुकडे कापले की ते आराखड्यावर हवे तसे सरकवून पाहता येतात.

आता मुख्य भाग, बैठक. यासाठी काही अंतरे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. ये-जा करण्याच्या मुख्य वाटेसाठी 90 सेंटिमीटर, आणि फारच अडचण असेल तर 75 सेंटिमीटर मोकळी जागा लागते. सोफा आणि सेंटर टेबल यांच्यात 40 ते 45 सेंटिमीटर ठेवावे. त्याहून कमी असेल तर गुडघे आपटतात, जास्त असेल तर पेला ठेवण्यासाठी वाकावे लागते. समोरासमोर बसणाऱ्यांमधले अंतर अडीच-तीन मीटरच्या पुढे गेले की आवाज चढवून बोलावे लागते, त्यामुळे मोठ्या खोलीत सर्व आसने भिंतींना लावून मधे मैदान सोडण्यापेक्षा ती आत ओढून एकमेकांजवळ आणणे केव्हाही चांगले.

एक उदाहरण घेऊ. खोलीची रुंदी 3.6 मीटर आहे, एका लांब भिंतीला सोफा आणि समोरच्या भिंतीला टीव्हीचे युनिट ठेवायचे आहे. सोफ्याची खोली 90, पुढचे अंतर 45 आणि टेबलाची रुंदी 60 धरली तर 195 सेंटिमीटर संपतात. युनिटची खोली 40 धरल्यास टेबल आणि युनिट यांच्यामध्ये 125 सेंटिमीटर उरतात. वाट प्रशस्त झाली. याच मांडणीत सोफ्यासमोर 80 सेंटिमीटर खोलीच्या दोन खुर्च्या बसवायच्या म्हटल्या, तर खुर्ची आणि टेबल यांच्यामधले 40 सेंटिमीटर धरून युनिटसमोर केवळ 5 सेंटिमीटर शिल्लक राहतात. युनिटचा खणही उघडणार नाही. म्हणजे या खोलीत खुर्च्या सोफ्यासमोर नव्हे, तर त्याच्या काटकोनात, टेबलाच्या टोकांशीच यायला हव्यात. दुकानातल्या प्रशस्त दालनात हे कधीच कळत नाही. कागदावर मात्र दोन मिनिटांत कळते.

आराखडा पक्का वाटला तरी लगेच खरेदीला निघू नये. प्रत्येक वस्तूची कड मास्किंग टेपने जमिनीवर आखावी आणि दोन-तीन दिवस त्या रेषांच्या बाहेरूनच चालावे. हातात ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बैठकीपर्यंत यावे, खिडकी उघडावी, पडदा ओढावा, दार पूर्ण उघडावे. जिथे आपण नकळत रेषेवर पाय देतो तिथे मांडणी चुकली आहे असे समजावे. सोफा घेण्यापूर्वी जिना, लिफ्ट आणि मुख्य दार यांतून तो वळवून आत येईल का हेही मोजावे.

टीव्हीच्या बाबतीत एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: तो फार वर टांगू नये. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण 105 ते 115 सेंटिमीटर उंचीवर असतात, आणि पडद्याचा मध्य त्याच्या आसपास असला म्हणजे मान अवघडत नाही. 55 इंची पडद्याचा कर्ण सुमारे 140 सेंटिमीटर भरतो. फोर-के पडदा असेल तर कर्णाच्या दीडपट ते दुप्पट अंतर बहुतेकांना सोयीचे वाटते. खिडकी पडद्याच्या अगदी समोर येत असेल तर दिवसा काचेवर तिचेच प्रतिबिंब दिसेल, म्हणून शक्य असल्यास टीव्ही खिडकीच्या काटकोनातील भिंतीवर घ्यावा.

प्रकाशाचा आराखडा बैठक ठरल्यानंतर आणि रंगकामाच्या आधी करावा, कारण वायरिंगसाठी भिंत फोडावी लागते. छताच्या मधोमध सारख्या अंतरावर दिव्यांची रांग बसवण्याची जी सवय रूढ झाली आहे, ती मला पटत नाही. डोक्यावरून सरळ पडणाऱ्या प्रकाशात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांखाली आणि नाकाखाली सावल्या पडतात आणि सगळे चेहरे थकलेले दिसतात. प्रकाश तीन थरांत विभागावा. खोलीभर पसरणारा सौम्य प्रकाश शक्यतो छतावर किंवा भिंतीवर आपटून खाली यावा. वाचनाच्या खुर्चीजवळ उभा दिवा असावा, ज्याच्या शेडची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर येईल, म्हणजे बल्ब डोळ्यांत खुपणार नाही. आणि तिसरा थर चित्र, झाड किंवा पुस्तकांचे कपाट उजळणारा असावा. तिन्ही थरांचे स्विच वेगळे ठेवले तर एकच खोली अभ्यासाला, गप्पांना आणि सिनेमाला वेगवेगळी दिसते. बल्ब 2700 ते 3000 केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर प्रकाशाचे, आणि सर्व एकाच रंगछटेचे घ्यावेत, त्यांचा सीआरआय, म्हणजे प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक, 90 किंवा त्याहून अधिक असावा, नाहीतर लाकूड आणि त्वचा दोन्ही फिकट दिसतात. डिमर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणारा स्विच, लावायचा असेल तर एलईडी दिवा डिमरवर चालणारा आहे ना, हे खोक्यावर पाहून घ्यावे. सॉकेट सोफ्याच्या मागे झाकले जातील असे नकोत. दोन्ही टोकांना हाताशी येतील असे हवेत.

रंग शेवटी ठरवण्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. भिंतीचा रंग हव्या त्या छटेत मिसळून मिळतो, पण आवडलेले, टिकाऊ आणि धुता येणारे सोफ्याचे कापड मोजक्याच छटांत सापडते. म्हणून आधी कापड आणि गालिचा निवडावा आणि भिंत त्यांना जुळवावी. रंगांच्या पुस्तिकेतील बोटभर चौकोनावर विसंबू नये. मोठ्या जाड कागदावर दोन हात देऊन, कडेने पांढरी पट्टी सोडून, तो कागद सोफ्यामागे, खिडकीशेजारी आणि अंधाऱ्या कोपऱ्यात आळीपाळीने लावून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात पाहावा. चारही भिंती परस्परांवर रंग परावर्तित करत असल्याने प्रत्यक्षात छटा नमुन्यापेक्षा गडद भासते, त्यामुळे दोन छटांत अडखळलात तर फिकी घ्यावी. प्रमाणासाठी 60, 30 आणि 10 टक्क्यांचा संकेत नवख्यांना उपयोगी आहे: भिंती व मोठे पृष्ठभाग एका रंगकुटुंबात, फर्निचर व पडदे दुसऱ्यात, कुशन आणि छोट्या वस्तू तिसऱ्यात.

गालिचा लहान घेणे ही फार सर्रास दिसणारी चूक आहे. सोफ्याचे आणि खुर्च्यांचे निदान पुढचे पाय त्यावर यायला हवेत, अन्यथा बैठक विखुरलेली वाटते. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीपेक्षा 10 ते 15 सेंटिमीटर वर आणि दोन्ही बाजूंना 15 ते 20 सेंटिमीटर बाहेर काढावी, म्हणजे पडदे सरकवल्यावर काच पूर्ण मोकळी राहते. कापड दांडीच्या लांबीच्या किमान दुप्पट घ्यावे आणि सुती असेल तर शिवण्यापूर्वी धुवून आटवावे. फरशी, काच आणि मोकळ्या भिंती जास्त असतील तर खोली घुमते, आणि तिथे जाड पडदे, गालिचा व पुस्तकांचे कपाट यांचा आवाज शोषण्यासाठीही उपयोग होतो.

चित्रे मात्र खोलीत काही दिवस राहिल्यावरच लावावीत. सोफ्यावरचे चित्र किंवा चित्रांचा समूह सोफ्याच्या रुंदीच्या सुमारे दोन-तृतीयांश असावा आणि त्याची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून 15 ते 20 सेंटिमीटर वर यावी. मोकळ्या भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटर ठेवावा. खिळा ठोकण्यापूर्वी चित्राच्या मापाचे वर्तमानपत्र कापून टेपने भिंतीवर चिकटवावे, सोफ्यावरून आणि दारातून असे दोन्हीकडून पाहावे, आणि जागा पक्की झाल्यावर त्या कागदावरच खिळ्याची खूण करून भोक पाडावे.