ओआहू बेटावर बोअरचं पाणी गोडं राखायचं तर

हवाईतल्या ओआहू बेटाच्या लाव्हात पावसाचं पाणी भराभर मुरतं आणि खडकात शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगतं. भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या 1 मीटर वर असेल, तर गोडं पाणी समुद्रसपाटीच्या सुमारे 40 मीटर खालपर्यंत असतं. हाच हिशेब उलटाही चालतो. उपशामुळे पातळी अर्धा मीटर कायमची उतरली, तर खारं पाणी हळूहळू 20 मीटर वर सरकतं. मधे मचूळ पाण्याचा जाड थरही असतो.

म्हणून पाणी कमी पडलं की आणखी खोल जायचं, ही महाराष्ट्रातली सवय इथे घातक आहे. बोअर मचूळ थराच्या बराच वर थांबवा. आधीच खोल गेला असेल, तर तळ सिमेंटने भरून घ्या. एकाच ठिकाणी जोरात उपसा केला की खारं पाणी पंपाखाली शंकूसारखं चढतं. एका मोठ्या पंपापेक्षा लांब-लांब बसवलेले लहान पंप बरे.

दरमहा पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी पातळी मोजा. मग 1 तास पंप चालवून क्लोराइड, म्हणजे खारेपणाची खूण, तपासा. वेळ दर खेपेला तीच हवी, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही. 250 मिग्रॅ प्रतिलिटर ही चवीची मर्यादा आहे, पण तिथपर्यंत वाट पाहू नका. आकडा सतत चढत असेल तर लगेच उपसा घटवा.

केसिंगभोवतीची (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपाभोवतीची) पोकळी सिमेंटने बुजवा, तोंड जमिनीपासून निदान 30 सेंमी वर ठेवा. हवाईत घरांचं मैलापाणी प्रक्रियेविना जमिनीत मुरवणारे सुमारे 83,000 शोषखड्डे आहेत. 2017च्या कायद्याने ते 2050पर्यंत बदलायचे आहेत. तोवर त्यांच्यातून भूजलात उतरणारं नायट्रेट तपासत राहा. अहवाल नीट वाचा: नायट्रोजन म्हणून 10 आणि नायट्रेट म्हणून सुमारे 45 मिग्रॅ प्रतिलिटर ही एकच मर्यादा आहे.

इंधनाचा धोका वेगळा. ओआहूवरच्या रेड हिल इथल्या अमेरिकी नौदलाच्या भूमिगत इंधनटाक्या भूजलापासून जेमतेम 30 मीटर वर होत्या. नोव्हेंबर 2021 मध्ये तिथलं इंधन पिण्याच्या पाण्यात उतरलं. इथे क्लोरीन कुचकामी आहे, आणि उकळल्यास वाफा घरात पसरतात. वास किंवा तवंग दिसला तर पिणं, स्वयंपाक, आंघोळ सगळं थांबवा. नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या 40 मिलीच्या काचेच्या कुपीत, हवेचा बुडबुडा न ठेवता भरा आणि बर्फात पाठवा. प्लास्टिकच्या बाटलीत नको.

अननसाच्या मळ्यांत मुरलेली जुनी कृमिनाशकं अजूनही काही विहिरींत सापडतात. त्यांच्यावर सक्रिय कोळशाची गाळणी चालते, मात्र दोन टाक्या एकामागे एक जोडा आणि नमुना दोहोंच्या मधून घ्या. तिथे रसायन दिसलं म्हणजे पहिली टाकी भरली. तिच्यातला कोळसा बदला, दुसरी पुढे आणा आणि नव्या कोळशाची मागे जोडा.